माती फुगते

"सिमेंटची पोती किती लागणार?"

घर बांधायचं ठरलंय हे फोनवर सांगितलं तेव्हा आईने कधी, कुठे, किती खोल्या असं रीतसर विचारलं. आप्पांनी थेट पोती विचारली. ज्या माणसाने कराडात चाळीस वर्षं लोकांची घरं बांधून दिली, त्याला घर आधी पोत्यांतच दिसणार. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. बिल्डरचं चोवीस पानी कोटेशन समोर होतं. त्यात नळाचा मॉडेल नंबर होता, दाराच्या हँडलचा रंग होता, सिमेंट हा शब्द मात्र कुठेच नव्हता.

हे आत्ता लिहायला बसले त्याला कारण आहे. गेल्या गणपतीत आरती झाल्यावर, प्रसादाची वाटी हातात असतानाच, तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: "स्क्वेअर मीटरला काय पडलं?" तिघांनाही एकच आकडा हवा होता. मी सांगितला, २,९८० न्यूझीलंड डॉलर. घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, "खोटं का सांगितलंस?" खोटं नव्हतं, करारात तोच आकडा होता. पण त्या आकड्यावर विसंबून कुणी बँकेत जाऊन बसलं तर त्याचं काय होईल, ते मला चांगलं ठाऊक आहे.

तर हा माझा हिशोब. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ख्राइस्टचर्चच्या नैर्ऋत्येला रोलस्टन नावाचं झपाट्याने वाढणारं गाव आहे. तिथे ६०० चौरस मीटरचा प्लॉट, त्यावर दोन गाड्यांच्या गॅरेजसकट १८० चौरस मीटरचं एकमजली घर. काम २०२३ मध्ये झालं. आधीचं छोटं युनिट विकून प्लॉट घेतला होता, त्यामुळे जमिनीचे पैसे या हिशोबात नाहीत.

आप्पांची अंदाजपत्रकाची पद्धत मी लहानपणापासून बघत आले आहे. वहीचं पान मधोमध दुमडायचं, डावीकडे माल, उजवीकडे मजुरी. मालाचे ठोकताळे तोंडपाठ. स्लॅबचं घर असेल तर चौरस फुटाला ०.४ पोतं सिमेंट आणि ४ किलो सळी. वाळू, खडी, डबर सगळं ब्रासमध्ये. १८० चौरस मीटर म्हटल्यावर मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत त्यांचं झालं होतं. "एकोणीसशे सदतीस फूट. पावणेआठशे पोती, पावणेआठ टन लोखंड. आता तुझ्या बिल्डरला विचार, तो किती म्हणतोय."

बिल्डरला हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. नकाशावरून मीच मोजायला बसले. इथे पाया म्हणजे खड्डे, कॉलम, प्लिंथ असलं काही नसतं. माती काढून, खडीची भर दाबून, त्यावर थर्माकोलचे चौकोनी ठोकळे मांडतात: ११०० मिलिमीटर लांब, तेवढेच रुंद, २२० उंच. दोन ठोकळ्यांमध्ये १०० मिलिमीटरची फट असते, तिथे सळी आणि काँक्रीट जाऊन बरगडी तयार होते. वर जाळी टाकून ८५ मिलिमीटरचा थर. कडेने जाड बीम. सगळं एकाच दिवशी, एकाच ओतण्यात. वरचा थर, बरगड्या, कडेचे बीम आणि थोडी नासधूस धरून माझं उत्तर आलं २८ घनमीटर.

"म्हणजे दहा ब्रास," आप्पा म्हणाले. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. तयार काँक्रीटमध्ये घनमीटरला सहा पोती धरली तर झाली १६८.

फोनवर बराच वेळ शांतता.

"मग राहिलेली सहाशे पोती?"

"लाकूड आहे आप्पा. भिंती लाकडाच्या, छप्पर लाकडाचं, वर पत्रा."

"घर बांधतीस का पोल्ट्री?"

पोल्ट्रीवरून आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं, असं म्हणायला हरकत नाही. नंतर मी त्यांना भूकंपाचं सांगितलं. सप्टेंबर २०१० मध्ये इथे ७.१ चा धक्का बसला, आणि २२ फेब्रुवारी २०११ च्या धक्क्यात १८५ माणसं गेली. ख्राइस्टचर्चच्या पूर्व भागात जमिनीची अक्षरशः पेज झाली, रस्त्यांवर राखाडी गाळ उसळून आला. त्यानंतर जमिनीचे टीसी-१, टीसी-२, टीसी-३ असे वर्ग पाडले गेले आणि पायाच्या स्लॅबमधल्या जाळीचे नियमही बदलले. हलकं, लवचीक घर आणि त्याखाली एकसंध तराफा, असा सगळा विचार आहे. आप्पांनी १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेला. ते म्हणाले, "मग ठीक आहे. हलतं घर चांगलं." विषय संपला. पोल्ट्री हा शब्द पुन्हा निघाला नाही.

भिंतींचा सांगाडा कारखान्यातून ठोकूनच येतो. एका मंगळवारी सकाळी ट्रकमधून गुलाबी लाकडाचा ढीग उतरला. पाइनचं लाकूड, ९० बाय ४५ चं, कीड-बुरशी लागू नये म्हणून बोरॉन मुरवलेलं. ते ओळखता यावं म्हणून गुलाबी रंग. गुरुवारी दुपारी सगळ्या भिंती उभ्या होत्या. मी व्हिडिओ लावून आप्पांना आतून फिरवलं. भिंतींतून आरपार दिसत होतं, त्यामुळे ते तिकडून मला "आता स्वयंपाकघरातून बाथरूम बघतोय" असं सांगत होते. मग म्हणाले, "सेंट्रिंग नाही, क्युरिंग नाही, पाणी मारायला माणूस नाही. मग एवढे पैसे कशाचे?"

माणसांचे. सुताराचा तासाचा दर ७० डॉलर, वर जीएसटी. तेव्हाच्या भावाने साडेतीन हजार रुपये तासाला. हे ऐकून आप्पांनी वहीतली उजवी बाजू खोडून पहिल्यांदाच मोठी केली असणार. आपल्याकडे माल महाग आणि माणूस स्वस्त, म्हणून गवंडी एक वीट तोडून तिचे तीन तुकडे वापरतो. इथे सुतार मीटरभर लाकूड बिनदिक्कत कचऱ्याच्या पिंजऱ्यात टाकतो, कारण ते जपून ठेवायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात नवीन येतं. तो पिंजरा भरताना बघून मला पोटात कालवायचं. संध्याकाळी जाऊन मी त्यातले बरेच तुकडे उचलून आणले. आमचं बुटांचं स्टँड त्याचंच आहे.

विटांचं मात्र आप्पांना पटवणं अवघड गेलं. बाहेरून आमचं घर विटांचं दिसतं, पण वीट ७० मिलिमीटर जाडीची, नुसती सालीसारखी. आतला सांगाडा आणि वीट यांच्यामध्ये ४० मिलिमीटरची पोकळी, आणि वीट तारेच्या आकड्यांनी लाकडाला बांधलेली. भार शून्य. "म्हणजे भिंतीला साडी नेसवली म्हण की," आप्पा म्हणाले. याहून बरी व्याख्या मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नाही.

ही साडी किती वार लागते हे मोजताना मी पहिली चूक केली. घराचा घेर ६२ मीटर, उंची २.४. गुणाकार केला, १४८.८ चौरस मीटर. वीट २३० बाय ७६, सगळ्या बाजूंनी १० चा सांधा, म्हणजे चौरस मीटरला ४८.४ विटा. सात हजारांच्या वर आकडा गेला. आप्पांनी एकच वाक्य टाकलं: "दारं-खिडक्या वजा केलीस?" केल्या नव्हत्या. सरकत्या काचांचं मोठं दार आणि गॅरेजचं शटर धरून ४४ चौरस मीटर नुसती भोकंच होती. वजा जाता १०४.८. विटा ५,०७२. वर पाच टक्के तूट, ५,३२६. गॅरेजच्या शटरलाही विटा लावायला निघाले होते मी.

बरं, विटा बिल्डरच आणणार, मग मी का मोजत होते? कारण दोन बिल्डरांची कोटेशनं होती आणि दोन्ही एका माळेत बसत नव्हती. एकाचा दर २,९०० डॉलर, दुसऱ्याचा २,९८०. कोणीही पहिल्याकडे जाईल. आम्हीही जवळजवळ गेलोच होतो. मग विटांच्या नादाने दोघांचं क्षेत्रफळ बघितलं. नकाशा तोच, पण पहिल्याने घर विटांच्या बाहेरून मोजलं होतं, दुसऱ्याने लाकडी सांगाड्याच्या बाहेरून. मधली पोकळी आणि वीट मिळून ११० मिलिमीटर, गुणिले ६२ मीटर घेर: जवळजवळ सात चौरस मीटर. पहिला १८७ ला गुणत होता, दुसरा १८० ला. ५,४२,३०० विरुद्ध ५,३६,४००. स्वस्त दराचं घर सहा हजारांनी महाग. पुण्यात फ्लॅट घेतलेल्यांना कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअपचा हा खेळ शिकवायची गरज नाही, पण गोऱ्या माणसाच्या देशात असलं काही नसेल अशी माझी एक भाबडी समजूत होती. ती तिथे गेली. यात लबाडी कुणाचीच नव्हती. दोन्ही पद्धती चालतात, कोटेशनवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं.

दुसऱ्या बिल्डरचं कोटेशन मग आप्पांनी माझ्याकडून ओळीने वाचून घेतलं. चार रविवार. आमचे दुपारचे चार, त्यांचे सकाळचे साडेनऊ, अंघोळ-पूजा आटोपून वही घेऊन तयार. मी इंग्रजी वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं, ते "पुढं" म्हणायचे. नळ, कमोड, टाइल्स यांवर ते थांबलेच नाहीत. "ते दिसतंय. दिसणाऱ्यात कोण फसवत नाही."

तिसऱ्या रविवारी एकविसाव्या पानावर, 'समाविष्ट नाही' या मथळ्याखाली एक ओळ होती: खोदकामातून निघालेली माती जागेवरच ठेवली जाईल. मी वाचून पुढे जात होते.

"थांब. कुठं ठेवणार?"

"जागेवर. प्लॉटवरच."

"किती निघणार?"

घराच्या आजूबाजूला थोडी जास्तीची जागा धरून २५० चौरस मीटरवरची वरची माती ३०० मिलिमीटर खरवडायची होती. मी म्हटलं, ७५ घनमीटर.

"साडेसव्वीस ब्रास. बरं. आता ती उचलायची किती?"

"तेवढीच ना?"

आप्पा हसले. आई मागून म्हणाली, "काय झालं?" ते तिला म्हणाले, "पोरगी म्हणतीया खणली तेवढीच माती उचलायची." आईलासुद्धा हसू आलं. म्हणजे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, माझ्याशिवाय.

माती फुगते. जमिनीत शेकडो वर्षं दबून बसलेली माती खोऱ्याने मोकळी झाली की तिच्यात हवा शिरते, आणि एका ब्रासची सव्वा ब्रास होते. मुरूम, दगड यांचं प्रमाण वेगळं, पण साध्या मातीला आप्पा सव्वापट धरतात. ट्रकवाला ट्रकच्या हौद्याचे पैसे घेतो, तुझ्या खड्ड्याचे नाही. नवा कंत्राटदार पहिल्या कामात हमखास इथे मार खातो, आप्पांनीही खाल्ला होता, १९७८ साली, एका दवाखान्याच्या तळघरात. ती गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली.

तर ७५ ची झाली ९४ घनमीटर. तेहतीस ब्रास. सहा घनमीटरचा ट्रक धरला तर सोळा खेपा. बिल्डरच्या माणसाला विचारलं, तो अगदी सहज म्हणाला की बरेच लोक माती ठेवून घेतात, बागेला होते. मी गणित केलं. ६०० तून घर आणि गाडीचा रस्ता वजा केला तर उघडी जागा राहते ३४५ चौरस मीटर. त्यावर ही सगळी माती पसरली तर अंगण २७ सेंटिमीटर उंच होईल. इथला नियम असा की विटांच्या घराची आतली फरशी बाहेरच्या मोकळ्या मातीपेक्षा किमान १५० मिलिमीटर वर हवी. माती पसरली असती तर आमचं जोतं पुरलं गेलं असतं आणि पावसाचं पाणी थेट विटांच्या मागच्या पोकळीत. हे त्याला कागदावर काढून दाखवलं तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. शेवटी ३० घनमीटर माती हिरवळीसाठी मागे ठेवली, बाकीची अकरा खेपांत गेली. ३,९०० डॉलर. पैसे आमचेच गेले, पण आधी कळलं म्हणून ठरलेल्या दराने गेले. ढीग साचल्यावर, फाउंडेशनवाले दारात उभे असताना बोलावलेल्या ट्रकचा दर काय असतो, ते शेजारच्या प्लॉटवाल्यांना विचारा.

मातीचं प्रकरण एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. वरचा थर काढल्यावर इंजिनिअर आला. त्याच्याकडे एक सळई होती आणि तिच्यावर सरकणारा नऊ किलोचा घण. घण ५१० मिलिमीटरवरून सोडायचा आणि सळई १०० मिलिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. पाचाच्या खाली आकडा गेला की कपाळाला आठी. तीन कोपऱ्यांत आठ, नऊ, अकरा. रोलस्टनची जमीन गोट्या-खडीची, नदीने आणून टाकलेली, पाणी तर इतकं पटकन मुरतं की छपराचं सगळं पावसाचं पाणी आम्ही प्लॉटमधल्याच शोषखड्ड्यात सोडतो. चौथ्या कोपऱ्यात, नेमकं गॅरेजखाली, घण पडला आणि सळई लोण्यात गेल्यासारखी गेली. दोन. पुढे पुन्हा दोन. मग तीन.

आप्पा व्हिडिओवर होते. त्यांना ठोक्यांचे आकडे सांगावे लागले नाहीत. "आवाज बघ की," ते म्हणाले. "बद्द वाजतंय." कराडात ते पहार टाकून हेच करत. पहार टणकन वाजली की पुढचा खड्डा.

इंजिनिअरचा अंदाज होता की तिथून पूर्वी पाट गेला असावा. कँटरबरीच्या मैदानात एकोणिसाव्या शतकात जनावरांना पाणी मिळावं म्हणून पाटांचं जाळं खणलं होतं. पुढे शेतांचे प्लॉट पडले तेव्हा त्यातले कित्येक बुजवले गेले. आप्पांना पाट म्हटल्यावर पुढचं काही सांगायची गरजच पडली नाही. कृष्णाकाठचा माणूस. "पाटातली भर कधी बसत नाही. काढ सगळी." ४५ घनमीटर जास्तीची माती निघाली, तेवढी खडी थराथराने दाबून भरली, इंजिनिअर पुन्हा आला, पुन्हा घण. ७,४०० डॉलर.

हे पैसे बिल्डरकडून का मागता आले नाहीत? करार तर 'फिक्स्ड प्राइस' होता. इथे दोन शब्द शिकून घ्यावे लागतात, आणि हे सही करायच्या आधी शिकावेत. एक 'पीसी सम', म्हणजे प्राइम कॉस्ट: वस्तू लागणार हे नक्की, कुठली घ्याल ते तुम्ही ठरवा, तोवर अमुक डॉलर धरलेत. दुसरा 'प्रोव्हिजनल सम': काम लागणार हे नक्की, किती लागेल ते देव जाणे, तोवर अमुक डॉलर धरलेत. करारातला मोठा आकडा फिक्स्ड, पण त्याच्या पोटात हे दोन प्रकार मोकळे हिंडत असतात. खोदकाम जवळजवळ नेहमीच दुसऱ्या प्रकारात. त्यामुळे कोटेशन स्वस्त दाखवायचं असेल तर हे आकडे कमी धरले की झालं. आमच्या गाडीच्या रस्त्याला ८,००० धरले होते. ७५ चौरस मीटर रस्ता, खडे उघडे दिसणारं काँक्रीट, मीटरला १४०. १०,५०० झाले. हे गणित चौथीतलं पोर करेल, पण करायला आधी तो रस्ता किती चौरस मीटर आहे हे नकाशावर मोजावं लागतं, आणि सगळे लोक तेव्हा किचनच्या दगडाचा रंग बघत असतात. आम्हीही तेच करत होतो.

किचनवरून आठवलं. पातेली मावतील असे खोल ड्रॉवर हवे होते म्हणून किचन आम्ही बाहेरून करून घेतलं. १८,४००, करारात धरलं होतं तेवढंच. मी खूश. बिल आलं २१,१६०. कोटेशनच्या तळाशी 'प्लस जीएसटी' होतं. इथे जीएसटी सरसकट १५ टक्के, दुकानात किंमत तो धरूनच लिहितात, पण कारागीर मंडळी एकमेकांशी बोलताना न धरता बोलतात आणि तेच कागद कधीकधी गिऱ्हाइकाच्या हाती येतात. मी नोकरीत दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते. हेच माझं काम आहे. नवऱ्याने यावर अजून एकही विनोद केलेला नाही, याची मला जास्त भीती वाटते.

गॅसची शेगडी हा खर्च मात्र मी डोळे उघडे ठेवून केला. दक्षिण बेटावर नैसर्गिक वायूची पाइपलाइन नाही, बहुतेक जण विजेवर रांधतात. गॅस हवा तर घराबाहेर ४५ किलोच्या दोन टाक्या उभ्या करायच्या आणि परवानाधारक फिटरकडून नळी आत आणायची. बिल्डरच्या माणसाने इंडक्शनचे फायदे समजावले. मी त्याला भाकरी आचेवर कशी फुगते ते समजावलं. शिवाय त्यांनी धरलेली चिमणी हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी. फोडणीचा ठसका गाळणारी जाळी अजून निघायची आहे. छपरातून बाहेर नेणारी मोठी घेतली. दोन्ही मिळून ३,६००.

कुंपण ५,२०० ला पडलं, तेही निम्मंच. इथे १९७८ चा कुंपणाचा कायदा आहे, साधारणपणे दोन शेजाऱ्यांनी खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा. हिरवळ, पडदे, कपडे वाळत घालायच्या तारा, टपालपेटी यांत ६,८०० गेले. टपालपेटी हा खर्च असू शकतो हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आणि व्याज. हे कुठल्याच बिल्डरच्या कागदावर नसतं, कारण ते त्याचं नाहीच. बँक पैसे टप्प्याटप्प्याने सोडते: स्लॅब झाला की इतके, सांगाडा उभा राहिला की इतके, छप्पर चढलं की इतके. सोडलेल्या पैशांवर व्याज सुरू, आणि आपण तर अजून भाड्याच्या घरात. आमचं काम सुरू असतानाच, मे २०२३ मध्ये, इथल्या रिझर्व्ह बँकेचा दर साडेपाच टक्क्यांवर गेला होता. आमच्या वाट्याला साधारण सात. आठ महिन्यांत ९,३०० डॉलर गेले. त्याआधी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, परवानगीतही वेळ गेला होता. परवानगी कामाच्या २० दिवसांत द्यायची असा नियम आहे, पण कौन्सिलने एखादा प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत घड्याळ थांबतं. आम्हाला बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर प्रश्न आला. उत्तर एका ओळीचं होतं, ते द्यायला नकाशावाल्याला तीन आठवडे लागले.

सगळी बेरीज करून कराराबाहेरचा खर्च आला ४१,४६०. मी अडीनडीसाठी पाच टक्के बाजूला काढले होते, २६,८२०. आप्पा पहिल्याच फोनवर दहा म्हणाले होते. झाले पावणेआठ. "दोघांच्या मधलं निघालं," असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मधलं नाही. माझ्या पोटातलं."

तेव्हा गणपतीतल्या त्या तिघांसाठी दुरुस्ती: २,९८० नाही, ३,२१०. जमीन वेगळी. आणि यात आमचा पाट धरलाय, तुमच्या कोपऱ्यात निघाला तर त्याचा आकडा वेगळा.

आई-आप्पा गेल्या डिसेंबरात पहिल्यांदा आले. आप्पांनी बूट काढायच्या आधी बाहेरून घराला एक फेरी मारली. आत आल्यावर भिंतीवर बोटाची पेरं आपटून बघितली. जिप्समच्या बोर्डावर पोकळ आवाज येतो, मध्येच लाकडावर भरीव. ठोकत ठोकत त्यांनी दिवाणखान्यातले सगळे उभे खांब पाच मिनिटांत शोधले आणि देवघराची फळी कुठे ठोकायची ते पेन्सिलीने खूण करून ठेवलं. मी त्यासाठी तीस डॉलरचं यंत्र आणलं होतं. ते अजून डब्यातच आहे.

गॅरेजच्या मागे उरलेल्या विटा रचून ठेवल्या होत्या. मेथीच्या वाफ्याला कडा करायच्या म्हणून. तुळस बाहेर टिकत नाही, हिवाळ्यातलं दहिवर एका रात्रीत जाळतं, म्हणून ती खिडकीत. आप्पा त्या विटांपाशी बराच वेळ उभे होते. मला वाटलं वाफ्याची जागा बघताहेत. मग विचारलं, "आल्या किती होत्या?"

चलनावर ५,४०० होत्या.

"इथं दोनशे अठरा आहेत." म्हणजे मोजून झाल्या होत्या. "आणि तुझा हिशोब पाच हजार बहात्तर."

माझ्याही लक्षात नव्हता तो आकडा. त्यांनी मनातल्या मनात वजाबाक्या केल्या, ओठ हलत होते.

"एकशे दहाच मोडल्या," ते म्हणाले. "दोन टक्के. गवंडी कोण होता गं? चांगला हात होता गड्याचा."